पेटी, कीबोर्ड आणि मेहुणाराजाचा चोखा

बुलढाणा जिल्ह्यात कॅथलिक माणूस शोधायला निघालेल्याला बरेच हिंडावे लागेल. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजारांच्या घरात. त्यात ख्रिस्ती मूठभर. त्या मुठीतही खामगाव-अकोला पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अलायन्स मिशनने काम केल्यामुळे प्रोटेस्टंटांचा वावर जुना. कॅथलिकांच्या दृष्टीने हा जिल्हा अमरावती धर्मप्रांताचा भाग. नागपूरपासून वेगळा होऊन तो धर्मप्रांत 1955 साली झाला. अशा विरळ वस्तीच्या धर्मग्रामात मराठी कुटुंबांच्या जोडीला केरळच्या सिस्टर्स असतात, गोव्या-मंगळूरकडचे फादर असतात, बदलीवर आलेले नोकरदार असतात. माणसे थोडी, पण मिस्सात काय गायचे यावरचा वाद मुंबईच्या मोठ्या चर्चइतकाच तापतो.

वादाचे दोन तट ठरलेले आहेत. एकाला जुने हवे, म्हणजे ऑर्गनचा सूर, जमलेच तर थोडे लॅटिन, गंभीर चाली. दुसऱ्याला नवे हवे, म्हणजे कीबोर्ड, गिटार, ड्रम्स आणि मोबाइलवर सापडलेली हिंदी-इंग्रजी गाणी. दोघेही तावातावाने बोलतात, आणि दोघांचाही पाया कच्चा आहे.

जुन्याच्या कैवाऱ्यांचे हुकमी पान म्हणजे पोप दहावे पायस यांचे 22 नोव्हेंबर 1903 चे फर्मान. ग्रेगोरियन गायन हाच पवित्र संगीताचा मापदंड, पियानोला चर्चमध्ये बंदी, ढोल आणि झांजाही नकोत, असे त्यात आहे हे खरे. पण तेच फर्मान स्त्रियांना गायनवृंदात उभे राहू देत नाही. ते शब्दशः पाळायचे ठरवले तर आज गाणे उचलून धरणाऱ्या सिस्टर्सना आणि मुलींना आधी खाली बसवावे लागेल. मग रविवारी गाणार कोण?

आणि परंपरा नेमकी कोणत्या सालापासून मोजायची? ऑर्गन हे वाद्य ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातले, अलेक्झांड्रियातले. रोमन काळात ते आखाड्यातल्या खेळांना वाजत असे आणि आरंभीच्या ख्रिस्ती उपासनेला त्याचा स्पर्शही नव्हता. आज अभिजात म्हणून गौरवले जाणारे बहुस्वरी गायन चौदाव्या शतकात नवीन होते तेव्हा पोप बाविसावे जॉन त्याच्यावर उखडले होते. उलट ‘सायलेंट नाइट’ हे गीत 1818 च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गाइले गेले ते गिटारवर. योसेफ मोर या धर्मगुरूचे शब्द, फ्रान्त्स ग्रूबर यांची चाल. गिटार म्हणजे कालच्या पोरांचे खूळ असे म्हणणाऱ्यांनी नाताळात हे गीत गाताना थोडे अडखळायला हरकत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 4 डिसेंबर 1963 रोजी मंजूर केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला मानाचे पान आहे, ऑर्गनचाही आदर आहे. एवढेच वाचून पुस्तक मिटणाऱ्यांच्या नजरेतून मधला एक परिच्छेद सुटतो. ज्या प्रदेशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथे तिला योग्य महत्त्व द्यावे, असे तोच दस्तऐवज सांगतो. तरीही या पक्षाची एक गोष्ट मान्य करायलाच हवी. ग्रेगोरियन गायन एकस्वरी आहे. त्यात चार आवाजांचा गोफ नाही. मराठी कानाला ते युरोपच्या पुढच्या काळातल्या संगीतापेक्षा जवळचे वाटते. मिस्सातली ‘किर्ये’ची साधी चाल कुणीही दोन रविवारांत शिकेल.

आता नव्याचे कैवारी. त्यांचा एकच मुद्दा, पण तो ते घोळवून सांगतात. असे संगीत नसेल तर तरुण येणार नाहीत. बुलढाणा जिल्ह्यात बसून हे म्हणणे धाडसाचे आहे. इथल्याच शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते आणि तिच्यात टाळ धरलेले हात तरुणांचेही असतात. विदर्भानेच तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकली, गावोगावी भजनी मंडळे उभी केली. तरुणांना टाळाचे वावडे आहे हा शोध शहरातला असावा.

खरा बिघाड वेगळाच आहे. कीबोर्डमध्ये ठेका आधीच भरलेला असतो. ध्वनिवर्धक कमाल पातळीवर असतो, चार गाणारे माइक धरून उभे राहतात आणि उरलेली मंडळी प्रेक्षक होतात. काही ठिकाणी तर तयार ट्रॅक लावला की गायकांचीही गरज उरत नाही. महासभेने मागितला होता लोकांचा पूर्ण, जाणीवपूर्वक, सक्रिय सहभाग. इथे सहभाग उरतो तो ऐकण्यापुरता. भारनियमनात वीज गेली की मग कळते, गाणे कुणालाच पाठ नाही! आणि जुन्या पक्षाचा निवडक गायनवृंदही, लॅटिनमध्ये असला तरी, लोकांना असाच गप्प बसवतो.

या भांडणात पेटीची जागा मोठी गमतीची आहे. तिला दोघेही ‘आपले पारंपरिक वाद्य’ म्हणतात, एक कौतुकाने, दुसरा नाक मुरडून. हार्मोनियमचे पेटंट 1842 साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दब्यँ यांनी घेतले. तिच्या जातीचा पायपेटीचा ऑर्गन मराठी संगीत रंगभूमीवर रुळला, बालगंधर्वांच्या गाण्याला साथ करू लागला. परदेशी म्हणून आकाशवाणीने 1940 साली पेटीला दार बंद केले ते 1971 पर्यंत. एकेकाळचे ‘आधुनिक’ आज देवळात, विहारात आणि चर्चमध्ये ‘परंपरा’ होऊन बसले आहे. लोकांना तिच्यासोबत गाता आले, म्हणून ती राहिली.

सर्वांत जुना आक्षेप भजनावर येतो: ओवी-अभंग हे हिंदूंचे, चर्चमध्ये कशाला? याला उत्तर चारशे वर्षांपूर्वीच मिळाले आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. 1616 साली ते छापले गेले, चर्चमध्ये वाचले-गाइले जाऊ लागले, त्याच शतकात आणखी दोनदा छापावे लागले. पुढे 1684 च्या पोर्तुगीज फर्मानाने स्थानिक भाषेचा गळा आवळला, तरी पुराण मेले नाही. 1907 साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. प्रोटेस्टंटांमध्ये 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी इंग्रजी चालींच्या अनुवादित गीतांना पर्याय म्हणून अभंग आणि भजने लिहिली. म्हणजे ओवी ख्रिस्ती उपासनेत मुरली तेव्हा कीबोर्डचे नावही कुणी ऐकले नव्हते.

पण याच आक्षेपाचे दुसरे रूप अधिक धारदार आहे, आणि ते घाईने उडवून लावता येत नाही. महाराष्ट्रातले अनेक ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतले. ते विचारतात, ज्या संस्कृतीने आमच्या आजोबांना देवळाबाहेर ठेवले तिचेच राग, तिचीच आरती ‘भारतीयीकरण’ म्हणून पुन्हा आमच्या गळ्यात का? हा प्रश्न रास्त आहे. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी हिंदुस्थानी संगीत आणि नृत्यातून ख्रिस्ती उपासना मांडली. काम देखणे होते, पण तालीम घेतलेल्या कलावंतांचे. शेतमजुरी करून आलेल्या बाईला ती तान घेता येत नाही.

मात्र उत्तर याच जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यात आहे. मेहुणाराजा हे चोखामेळ्याचे जन्मगाव मानले जाते. चोखोबा, सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा ही सगळी माणसे देवळाच्या आत जाऊ शकत नव्हती आणि ती अभंग रचत होती. पंढरपूरचे दार सर्वांना उघडले 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे सहा शतके अभंग दाराबाहेरच्यांच्याही तोंडी होता. तो पुजाऱ्यांची मिळकत कधीच नव्हता. त्याच्या शेजारी शाहिरी जलसा ठेवा, वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी घराघरांत नेलेला ठेका ठेवा, जात्यावरची ओवी ठेवा. शास्त्रीय रागाच्या वाटेला न जाता मराठी गळ्याची ऐपत वाढते. ढोलकी चालेल का, असे कुणी विचारील. फक्त लौकिक करमणुकीचेच मानले जाणारे वाद्य टाळावे असे रोमची 1967 ची संगीतविषयक सूचना सांगते, आणि ढोलकीला तमाशाचा वास आहे, हे खरे. पण गावाकडे ती भजनातही वाजते. बाजू ढोलकीकडे झुकते.

त्या 1967 च्या सूचनेतला क्रम तर दोन्ही पक्ष विसरलेले दिसतात. आधी गायचे ते फादर आणि लोक यांच्यातले संवाद, शुभवर्तमानाच्या वेळचे जयघोष, ‘पवित्र, पवित्र’, प्रभूची प्रार्थना. प्रवेशगीत आणि अर्पणगीत नंतरच्या पायरीवर. आपल्याकडे बरोबर उलटे चालते: प्रवेश, अर्पण, कम्युनियन आणि शेवटचे अशी चार गाणी दणक्यात, बाकी सगळी मिस्सा बोलून उरकलेली. भांडण होते तेही त्या चार गाण्यांवरच. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातल्या चाळीस-पन्नास माणसांच्या धर्मग्रामाने पुढच्या उपवासकाळात स्तोत्राचा पालुपदी प्रतिसाद जात्यावरच्या ओवीच्या चालीत घ्यावा. एकाने म्हणावे, सर्वांनी झेलावे. नव्या ॲम्प्लिफायरसाठी जमवलेल्या वर्गणीत चार जोड टाळ येतील, पेटीचा भाता दुरुस्त होईल. गिटार वाजवणारा मुलगा असेल तर त्याला त्याच ओवीखाली सूर धरायला बसवावे, ध्वनिवर्धकाची वायर तेवढी काढून ठेवून.