विश्लेषण : झाकण बंद, तरी लॅपटॉपची बॅटरी का उतरते?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१६-१७ मधले धडधाकट लॅपटॉपही 'जुने' ठरले. नवा घेणे परवडत नसेल, तर उबंटू किंवा लिनक्स मिंट हा फुकटचा पर्याय उरतो.

मीही तेच केले. तारकपूर स्थानकावर एसटीत बसताना झाकण बंद केले. पुण्यात शिवाजीनगरला उतरलो तेव्हा बॅग गरम आणि बॅटरी निम्म्याच्या खाली! पहिला संशय बॅटरीवर गेला. दोष मात्र झोपेचा होता.

झोपेचे दोन प्रकार

'डीप' म्हणजे एस-३ झोपेत प्रोसेसर बंद होतो, फक्त रॅमला थोडी वीज मिळते. दुसऱ्या, 'एस-टू-आयडल' प्रकारात यंत्र चालूच असते, सगळे भाग फक्त शांत बसतात. वायफाय किंवा एसएसडीचा एखादा ड्रायव्हर शांत बसला नाही, तर रात्रभर वीज जाते. यातला कोणता प्रकार निवडायचा, हे कर्नल फर्मवेअरने दिलेल्या माहितीवरून ठरवतो आणि मधल्या काळातल्या काही लॅपटॉपमध्ये इथेच गफलत होते.

काय तपासावे?

आधी सुरुवातीच्या ग्रब मेन्यूतून जुना कर्नल निवडून पाहा. त्यावर सगळे नीट चालले, तर दोष अपडेटचा. नाहीतर 'सिस' फोल्डरच्या 'पॉवर'मधली 'मेम-स्लीप' फाइल वाचा. चौकटी कंसातला शब्द म्हणजे सध्याचा प्रकार. तिथे 'डीप' दिसत असूनही कंसात नसेल, तर ग्रबमध्ये 'ई' दाबून कर्नलच्या ओळीशेवटी 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' (इंग्रजी अक्षरांत) जोडा. हा बदल एका वेळेपुरताच असतो; झाकण उघडल्यावर स्क्रीन काळीच राहिली, तरी रीस्टार्ट केले की सगळे पूर्ववत. जमले, तरच तो ग्रबच्या फाइलमध्ये कायम करा.

कर्नल स्वतः कंपाइल करण्याचा सल्ला अनेक व्हिडिओंत मिळतो. माझ्या मते, नव्वद टक्के लोकांनी त्या वाटेला जाऊच नये. उबंटूच्या तयार कर्नलमध्ये वीजबचतीचे बहुतेक पर्याय आधीच असतात.

फाइलमध्ये 'डीप' नसेलच, तर आधी बायोसमध्ये झोपेचा पर्याय आहे का पाहा. तोही नसेल, तर प्रवासाआधी सरळ शटडाउन. हायबरनेटसाठी पुरेशी स्वॅप जागा लागते आणि सिक्युअर बूट चालू असेल, तर उबंटूचा कर्नल ते करूच देत नाही.