भंगाराची घाई

दसऱ्याच्या सकाळी टोकावड्यातून माळशेजच्या रस्त्याने एक फेरी मारावी. जवळजवळ प्रत्येक अंगणात एखादे यंत्र धुऊनपुसून उभे असते. ट्रॅक्टर, पॉवर टिलर, मोटारसायकल, फवारणीचा पंप. सर्वांना झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटे आणि पुढे फोडलेला नारळ. हा सोहळा मला मनापासून आवडतो. माझी तक्रार एवढीच की, ज्या टिलरच्या गळ्यात हातभर माळ असते, त्याच्या एअर क्लिनरचे झाकण कित्येकदा मागल्या दसऱ्यापासून कोणी उघडलेले नसते. आम्ही यंत्राची पूजा करतो. सेवा करीत नाही. आणि ते बिघडले म्हणजे दुरुस्तीची गोष्ट न काढता थेट नव्याची चौकशी करतो. जुने भंगारात घालण्याची ही जी घाई आमच्या मुरबाड-शहापूरच्या खेड्यांतून सुटली आहे, तिच्याविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी बत्तीस वर्षे अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होतो. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा पडवीत एक शेगडा बसवला, पान्यांची पेटी उघडली, आणि आसपासचे जुने टिलर माझ्याकडे येऊ लागले. गाव मला फिटरकाका म्हणते. लेखक म्हणून मला कोणी ओळखत नाही, ओळखण्याचे कारणही नाही.

आणि जो दोष मी दुसऱ्यांना देणार आहे तो आधी माझ्याच पदरात घालून घेतो.

चार वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठातली गोष्ट. आमच्या आळीत एक बाई आहेत. नवरा वारल्यावर दोन एकर भातजमीन, दोन मुले आणि एक जुना टिलर एवढे त्यांच्या वाट्याला आले. टिलर चालवायला भाऊ यायचा. त्या वर्षी चिखलणीच्या तोंडावर रोटरच्या पेटीतून खडखडाट येऊ लागला. ऑईल काढले तर दुधासारखे पांढरे. त्यांनी टिलर टेम्पोत घालून तालुक्यापलीकडच्या एका विक्रेत्याकडे नेला. त्याने पेटी न उघडताच सांगितले, "हे मॉडेल बंद झालं, बाई. पार्ट येत नाहीत. नवीन घ्या, सबसिडी बसते." त्या माझ्याकडे आल्या. "काका, तुम्ही एकदा बघता का?" त्या आठवड्यात माझा गुडघा सुजला होता आणि घरात लग्न होते. मीही उघडून पाहिले नाही. म्हणालो, "जुना झालाय ग तो. किती दिवस ओढणार? टाक देऊन."

तिने दिला. भंगारवाला आला, चारशे किलोच्या आसपासचा तो ऐवज किलोच्या भावाने तोलला, आणि टेम्पोत मावेना म्हणून रस्त्यावरच घणाने पेटी फोडली. तेव्हा मी पाहिले. गिअरचे दात शाबूत होते, शाफ्ट सरळ होता. एक ऑईल सील झिजून मऊ पडले होते, त्यातून चिखलपाणी आत गेले होते, आणि त्या पाण्याने एका बेअरिंगच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. एक सील आणि एक बेअरिंग. दोहोंची किंमत टिलरच्या एका दिवसाच्या भाड्याहून कमी. त्या घणाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आता नव्याचे पाहा. नव्या टिलरसाठी अर्धे पैसे सरकार देते म्हणतात, ते खरे आहे. २०१४-१५ साली केंद्राने कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान काढले. त्यात यंत्राच्या किमतीचा चाळीस ते पन्नास टक्के भाग, ठरलेल्या मर्यादेत, अनुदान म्हणून मिळतो. परंतु उरलेले अर्धे कोठून आणायचे? त्या बाईंना ते जमले नाही. आज त्या भाड्याने टिलर लावतात. ज्याचा टिलर तो आधी आपले शेत उरकतो, मग भावकीचे, मग जास्त एकरवाल्याचे. दोन एकरवाल्या विधवेची पाळी शेवटी. तोवर राबातली रोपे वाढून जातात. एकवीस-पंचवीस दिवसांचे रोप लावले तर त्याला फुटवे चांगले येतात. चाळीस दिवसांचे लावले तर येत नाहीत, हे येथे शेंबडे पोरही जाणते. म्हणजे शंभरदीडशे रुपयांच्या रबराच्या कड्यापायी दर वर्षी भाताची पोती कमी होतात.

"पार्ट येत नाहीत," हे वाक्य आमच्याकडे देववाणीसारखे ऐकले जाते. म्हणून त्याची थोडी फोड करतो. बेअरिंगच्या कडेवर आकडे कोरलेले असतात. ६२०५ असा आकडा असेल तर आतील भोक २५ मिलिमीटर, बाहेरील व्यास ५२, जाडी १५. मग ते बेअरिंग जपानात झालेले असो की पुण्यात, टिलरमधले असो की पाण्याच्या मोटारीतले. सीलवरही तीन मापे असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. पट्ट्यावर त्याचा नंबर छापलेला असतो. कल्याणच्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात हे आकडे चिठ्ठीवर लिहून न्यावेत, वस्तू हातात पडते. टिलरचे मॉडेल बंद होते. २५ मिलिमीटर बंद होत नाही. जे भाग खरोखरच त्या यंत्राचे स्वतःचे असतात, म्हणजे गिअर, पिस्टन, ओतीव पेट्या, त्यांची अडचण मी नाकारीत नाही. पण माझ्या पडवीत आलेल्या यंत्रांपैकी बहुतेक अशा भागांपायी अडलेली नव्हती. ती अडली होती सील, बेअरिंग, पट्टा, नोझल, फिल्टर आणि आळस यांपायी.

आळसाबद्दल आम्हा शेतकऱ्यांनाही सुनावले पाहिजे. म्हशाच्या यात्रेत, पौषी पुनवेला, बैल घेणारा माणूस पाहा. तो दात मोजतो, खूर उचलतो, चालवून पाहतो, मालकाच्या डोळ्यात पाहतो. घरी आणल्यावर त्याच बैलाच्या खांद्याला सूज आली तर रात्री उठून शेकतो. तोच माणूस लाखाहून अधिक किमतीचे यंत्र आणतो आणि सोबतचे पुस्तक पिशवीतून बाहेरसुद्धा काढीत नाही. लावणी संपली की टिलर चिखलासकट गोठ्याच्या कडेला उभा. टाकी अर्धी रिकामी, म्हणून आत दव धरून डिझेलमध्ये पाणी. हॉपरमधले पाणी तसेच, म्हणून गंज. पट्टा ताणलेला, म्हणून त्याला भेगा. उभा करताना टाकी भरावी, पाणी सोडावे, पट्टा सैल करावा, चाक हाताने फिरवून इंजिन जेथे दाबावर जड लागेल तेथे थांबवावे, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि आत दमट हवा शिरत नाही. या सर्वाला अर्धा तास लागतो. रोटरची पाती डावी-उजवी अशी दोन वाकांची असतात. ती उलटसुलट बसवून "यंत्र उड्या मारतंय, गेलं कामातून" म्हणणारे मला दर पावसाळ्यात भेटतात. यंत्र गेलेले नसते.

आता विरुद्ध बाजूचे ऐकू. जुने यंत्र धूर सोडते, डिझेल पिते. होय, पण पुष्कळदा तो धूर तुंबलेल्या एअर क्लिनरचा आणि झिजलेल्या नोझलचा असतो. जुने यंत्र धोक्याचे असते. होय, आणि हा आक्षेप मला मान्य आहे. ज्याचा क्लच सुटत नाही, ज्याच्या रोटरवरचा पत्रा काढून फेकला आहे, त्या टिलरने पाय गेलेली माणसे आहेत. ज्याचा मुख्य सांगाडा तडकला आहे ते यंत्र मीही भंगारातच घालतो. माझे म्हणणे एवढेच की, निकाल उघडून पाहिल्यावर द्यावा. आजारी माणसाला कोणी तिरडीवाल्याकडून तपासून घेत नाही. मग बिघडलेल्या यंत्राचा निकाल नवे यंत्र विकणाऱ्याच्या तोंडून का ऐकावा?

कोणी म्हणेल, ही दारिद्र्याची विचारसरणी आहे, यातून देश पुढे कसा जाणार? त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र चाळावे. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने लोक तो घेईनात. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण या सर्वांच्या आधी, १८८८ साली, बेळगावात काय होते? सायकलींचे दुकान. दुसऱ्यांनी केलेले यंत्र उघडणारा हात पुढे स्वतःचे यंत्र घडवतो. जो समाज उघडायलाच विसरला तो केवळ गिऱ्हाईक उरतो. आणि उलट पाहा: पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना १९७१ साली सुरू झाला आणि २०१६ साली सरकारने तो बंद करण्याचे ठरवले. कारखाना गेला, पण त्याचे ट्रॅक्टर खेड्याखेड्यांतल्या मिस्त्रींनी शेतात चालते ठेवले.

हे दुखणे आमच्यापुरते नाही. अमेरिकेत ट्रॅक्टरात संगणक बसले आणि त्यांच्या किल्ल्या कंपन्यांनी आपल्याकडे ठेवल्या. तेव्हा कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतकऱ्याच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्या केंद्र सरकारनेही जुलै २०२२ मध्ये या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळ उघडले, आणि त्यासाठी निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे घातली. उत्तम झाले. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे, आणि माळशेजच्या पायथ्याला ते कोणी उघडून पाहिल्याचे मी ऐकलेले नाही.

मला हवे आहे ते थोडके आहे. यंत्र विकणाऱ्याने त्यातील प्रत्येक सील, बेअरिंग व पट्ट्याची मापे मराठीत छापून सोबत द्यावीत. मॉडेल बंद केले तरी त्याचे खास भाग ठराविक वर्षे पुरवण्याचे बंधन कंपनीवर असावे. नव्या यंत्राला जे अनुदान मिळते त्याचा एक हिस्सा जुन्याच्या पुऱ्या दुरुस्तीला मिळावा, आणि आयटीआयत ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यास केलेल्या पोराला भिवंडीच्या गोदामात खोकी उचलण्याऐवजी आपल्या गावात दुकान घालता यावे.

आणि शेतकऱ्याकडून हवे आहे ते याहून थोडके: वर्षातून एकदा, माळ घालण्याआधी, झाकण उघडावे.

त्या बाईंच्या घरी टिलर सुरू करायचे हँडल राहून गेले होते. भंगारवाल्याच्या नजरेतून सुटले. परवा त्यांनी ते आणून दिले. म्हणाल्या, "काका, तुमच्या उपयोगी पडेल." दुसऱ्या एका टिलरला ते बसले. त्याची पेटी मात्र मी आधी उघडली.