दुसरे उत्तर फेकून देऊ नका



गेल्या महिन्यात दहावीच्या वर्गात एक उदाहरण घेतले होते. आयताकृती जागेची लांबी रुंदीपेक्षा 3 मीटरने जास्त, क्षेत्रफळ 40 चौरस मीटर; तर रुंदी किती? रुंदी x मानली की समीकरण होते x² + 3x − 40 = 0. अवयव पाडले की दोन उत्तरे येतात, 5 आणि −8. मी सवयीने म्हटले, "−8 सोडून द्या, 5 लिहा."

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "टीचर, −8 का सोडायचे? मी ताळा करून पाहिला. −8 आणि −5 यांचा गुणाकारही 40च येतो."

तास संपत आला होता. "परीक्षेत एवढा विचार करायला वेळ नसतो, बस खाली," असे मी बोलून गेले. ती गप्प बसली. त्या दिवसापासून तिचा हात वर आलाच नाही. वीस वर्षे शिकवून मी एका चांगल्या प्रश्नाचे तोंड बंद केले, हे मला घरी आल्यावर कळले. मग पुस्तके काढून बसले.

बीजगणिताला 'अल्जेब्रा' हे नाव ज्या ग्रंथावरून पडले, तो मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी बगदादमध्ये, खलिफा अल-मामून यांच्या काळात, म्हणजे 813 ते 833 या वर्षांत लिहिला. उर्दूत 'जब्र' म्हटले की जुलूम आठवतो. पण अरबीत 'अल-जब्र'चा एक अर्थ मोडलेले हाड बसवणे असाही आहे. समीकरणात वजा केलेली राशी दुसऱ्या बाजूला मिळवून तूट भरून काढायची, हा जब्र. दोन्ही बाजूंच्या सारख्या राशी समोरासमोर काढून टाकायच्या, हा मुकाबला.

त्यांचे प्रसिद्ध उदाहरण x² + 10x = 39. दहाचे निम्मे 5, त्याचा वर्ग 25. तो दोन्हीकडे मिळवला की उजवीकडे 64. त्याचे वर्गमूळ 8, त्यातून 5 गेले, उरले 3. आपली मुले शिकतात ती पूर्ण वर्ग पद्धत हीच. आज आपण −13 हेही दुसरे मूळ लिहितो. अल-ख्वारिझ्मींनी ते घेतले नाही. ते चौरसाची आकृती काढून सिद्ध करत आणि चौरसाची बाजू ऋण कशी असेल? पण x² + 21 = 10x या उदाहरणात 3 आणि 7 ही दोन्ही उत्तरे त्यांनी दिली आहेत. ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्तांनी आपल्याकडे 628 मध्येच मांडले होते. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. कर्जाला कोण खोटे म्हणेल?

आता थेट 1928 मध्ये या. इंग्लंडमध्ये पॉल डिरॅक इलेक्ट्रॉनसाठी क्वांटम भौतिकीतले समीकरण मांडत होते. x² = 9 म्हटले की 3 आणि −3 येतात, तशीच त्यांना ऊर्जेची धन आणि ऋण अशी दोन्ही उत्तरे मिळाली. ऋण ऊर्जा म्हणजे काय, हे कुणालाच कळेना. ते उत्तर सोडून देणे सोपे होते, पण क्वांटमच्या नियमांत ते बाजूला काढता येत नव्हते. डिरॅक त्याचा अर्थ शोधत राहिले. तो कण प्रोटॉन असावा हा त्यांचा पहिला अंदाज चुकला. 1931 मध्ये त्यांनी सांगितले, की इलेक्ट्रॉनएवढ्याच वस्तुमानाचा, पण धन प्रभाराचा कण असला पाहिजे. पुढच्याच वर्षी, 1932 मध्ये, अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांच्या छायाचित्रात त्याचा माग दिसला. तोच पॉझिट्रॉन. आज कर्करोगाच्या रुग्णाचा 'पेट स्कॅन' होतो, तो याच कणाच्या आधारे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलीला फळ्यापाशी बोलावले आणि सर्वांसमोर सांगितले, "काल चूक माझी होती. समीकरणाची दोन्ही उत्तरे खरी आहेत. जागेची रुंदी ऋण नसते, म्हणून −8 या प्रश्नाला लागू पडत नाही. त्यात −8चा दोष नाही." ती हसली. हात पुन्हा वर येऊ लागला आहे, अल्हम्दुलिल्लाह.

पालकहो, दोन गोष्टी करा. मुलाने एक उत्तर खोडले तर त्याला कारण लिहायला सांगा: "रुंदी ऋण नसते, म्हणून." आणि "असे का?" या प्रश्नाला "गप्प बस" हे उत्तर देऊ नका. माहीत नसेल तर "मिळून शोधू" म्हणा.

या महिन्याचे गणित: अल-ख्वारिझ्मींच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या हिशेबांचा आहे, म्हणून तसेच एक. एक स्त्री वारली. मागे पती, एक मुलगा आणि तीन मुली. कर्ज व वसीयत नाही; मिळकत 4 लाख रुपये. पतीचा हिस्सा पाव, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. मुलीचा हिस्सा x मानून समीकरण मांडा. अम्मी-अब्बूंनीही बसावे. उत्तर पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह.