दोन विषयांची पदवी आणि तिचा सांधा

बारावीचे निकाल लागले की महाविद्यालयांच्या फलकांवर पदव्यांची नवी नावे झळकू लागतात. विपणन आणि संगणक या दोन विषयांची सांगड घालणारी पदवी त्यांत हमखास असते. पुणे विद्यापीठाची संगणक उपयोजनाची जोड असलेली बीबीए पदवी हे तिचे परिचित उदाहरण होय. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाला दुसऱ्या विद्याशाखेतील दुय्यम विषय जोडण्याची मुभा दिल्यामुळे अशा जोडींचा मार्ग अधिकच प्रशस्त झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून बीबीए आणि बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले व राज्यात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षाही सुरू झाली. प्रवेशाच्या दाराचा त्या वेळी पुष्कळ खल झाला. दारातून आत गेलेल्या विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते, याची चर्चा मात्र त्या मानाने फारच थोडी झाली.

ही जोड मुळातच कृत्रिम आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कोणते गिऱ्हाईक काय घेते, सणाच्या आधी कोणता माल भरावा, उधारी कोणाला द्यावी, हे पेठेतला किराणा दुकानदार खतावणीवरून आणि अनुभवावरून ओळखत आला आहे. गिऱ्हाइके शेकड्यांवरून लाखांवर गेली की स्मरणशक्ती अपुरी पडते आणि तेथे संगणक लागतो. १९९३ साली राकेश अगरवाल, टोमाश इमिएलिन्स्की व अरुण स्वामी या तिघा संशोधकांनी खरेदीच्या प्रचंड नोंदींमधून 'हे घेणारा तेही घेतो' असे नियम शोधण्याची पद्धत मांडली. दुकानदाराच्या जुन्या शहाणपणाला मिळालेले ते गणिती रूपच होते. दोन्ही विषयांचा खरा सांधा येथे आहे.

परंतु नेमका हा सांधाच वर्गात दुर्लक्षित राहण्याचा धोका असतो. समजा, शंभर पावत्यांपैकी वीस पावत्यांवर रवा आहे आणि त्या विसांपैकी बारांवर तूपही आहे. रवा घेणाऱ्यांतील साठ टक्के लोक तूप घेतात, असा निष्कर्ष संगणक क्षणात देईल आणि उत्साही पदवीधर दोन्ही वस्तू शेजारी मांडण्याचा सल्लाही देईल. पण मुळात शंभरांतील साठ पावत्यांवर तूप असेलच, तर रव्याशी त्याचा काही विशेष संबंध उरत नाही. ही साधी शंका विचारण्यासाठी संख्याशास्त्र लागते. आपल्याकडे वाणिज्य शाखेत अकरावी-बारावीला गणित ऐच्छिक असते; गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेऊन आलेला विद्यार्थी या पदवीच्या वर्गात बसतो, तेव्हा ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी महाविद्यालयावर येते. ती टाळली गेली, तर विपणनाच्या व्याख्या एका वहीत आणि संगणकाच्या आज्ञावली दुसऱ्या वहीत राहतात. अशा दोन अर्ध्या वह्यांची मिळून एक विद्या होत नाही.

सांध्याची दुसरी बाजू नीतीची आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारातील फसव्या रचनांचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले. ग्राहकाच्या नकळत टोपलीत जादा वस्तू घालणे, 'आता दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई निर्माण करणे, वर्गणी सुरू करणे सोपे पण बंद करणे दुर्घट ठेवणे, हे त्यांतले काही. अशी रचना सुचते विपणन विभागाला आणि प्रत्यक्षात आणतो तो संगणक विभाग. उद्या विचारणा झाली तर एक म्हणतो, 'यंत्रात काय केले ते मला ठाऊक नाही'. दुसरा म्हणतो, 'मला सांगितले तेवढे मी लिहिले.' दोन्ही विषय शिकलेल्या पदवीधराला मात्र यांपैकी कोणतीच सबब उपलब्ध नाही. त्याला हेतूही कळतो आणि करणीही कळते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्याला परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचे टिपण म्हणून शिकवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

यावर असे म्हटले जाते की, विद्यार्थ्याला नोकरी हवी आहे. त्याला बाजारात चालणारी साधने शिकवावीत, तत्त्वज्ञान नको. नोकरीची निकड खरी आहे. शुल्कासाठी कर्ज काढणाऱ्या पालकाला तिचा विसर पडावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. तथापि साधने झपाट्याने बदलतात. पहिल्या वर्षी शिकलेले साधन तिसऱ्या वर्षी जुने होते आणि मजकूर लिहिण्याचे किंवा साधी आज्ञावली रचण्याचे काम आता यंत्रही करू लागले आहे. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर आहे की नाही आणि ते वापरणे योग्य आहे की नाही, हे पारखणाऱ्या माणसाची गरज त्यामुळे वाढतेच. पोटापाण्याच्या दृष्टीनेही सांधा पक्का असणेच हिताचे आहे.

यासाठी फार मोठा खर्च नको. पहिल्या सत्रात गणिताची उजळणी आणि त्यापुढे संख्याशास्त्र सक्तीचे करावे. अखेरच्या वर्षाचा प्रकल्प गावातल्याच एखाद्या धान्य दुकानाच्या, ग्राहक भांडाराच्या किंवा बचत गटाच्या पावत्यांवर, ग्राहकांची नावे वगळून, करवून घ्यावा आणि त्याची तपासणी दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी एकत्र बसून करावी. विद्यार्थ्यांनी व पालकांनीही शुल्क भरण्यापूर्वी इमारत आणि संगणकांची संख्या पाहून समाधान मानू नये. संख्याशास्त्र कोण शिकवते आणि गेल्या वर्षीचे प्रकल्प पाहावयास मिळतील काय, एवढे दोन प्रश्न त्यांनी अवश्य विचारावेत. ज्या महाविद्यालयाला त्यांची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्या पदवीत दोन विषयांची नावे असली तरी त्यांची जोड नाही, असेच समजावे लागेल.