थकल्या शरीराने कडा चढू नये

शुक्रवारी रात्री दहा-अकराच्या सुमारास मुंबई-पुण्याच्या महामार्गालगतच्या चौकांत पाठीवर बोजड पिशव्या घेतलेले तरुण-तरुणींचे गट मिनीबसची वाट पाहत उभे दिसतात. त्यांतील अनेकांनी तासा-दोन तासांपूर्वीच संगणक मिटलेला असतो. बैठका, मुदती आणि अवेळी येणारे दूरध्वनी यांनी आठवडाभर पिळून निघालेली ही मंडळी पहाटे सह्याद्रीतील एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशी उतरतात आणि उजाडताच कमरेला दोर बांधून कड्याला भिडतात. घरी राहिलेल्या आईवडिलांना किंवा जोडीदाराला मात्र कोडे पडते. इतकी दमणूक झाल्यावर विश्रांती घ्यायची सोडून हा माणूस आणखी दमायला का जातो?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र दुहेरी आहे.

प्रथम अतिश्रमाविषयी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक आढळतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोकाही सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. तेव्हा कामापासून दूर जावेसे वाटणे हे आळसाचे लक्षण नव्हे. शरीर आपल्या परीने इशाराच देत असते.

परंतु दूर जाणे म्हणजे नेमके काय? झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये कामाचा शीण भरून काढणारे चार अनुभव मांडले: मनाने कामापासून अलग होणे, अंग आणि चित्त सैल सोडणे, एखादे नवे कौशल्य हस्तगत करणे आणि आपला मोकळा वेळ आपल्या मर्जीने घालवता येणे. रविवारी दिवसभर पलंगावर पडून मोबाइल चाळणाऱ्या माणसाचे अंग विसावते. पण कार्यालयाचा एक निरोप पडद्यावर झळकला, की मन पुन्हा सोमवारात जाऊन बसते.

प्रस्तरारोहणात ही सोय नाही. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन अवयव कातळावर पक्के ठेवून चौथाच पुढे सरकवायचा, हा तेथील पहिला धडा. कोणती खाच बोटांना पुरेल, कोणत्या कपारीत पाऊल टेकेल, हाताला लागलेला दगड पक्का आहे की ठिसूळ, एवढेच प्रश्न समोर असतात आणि त्यांची उत्तरे तत्काळ द्यावी लागतात. चाळीस जागी विखुरलेले चित्त अशा वेळी एका जागी येते. शिवाय गेल्या महिन्यात अवघड वाटलेली चढण आज साधली, तर मिळणारे समाधान कोणत्याही वार्षिक मूल्यमापनावर अवलंबून नसते.

आणखी एक गोष्ट दुरून ध्यानी येत नाही. वर चढणाऱ्याचा दोर दुसऱ्या कुणाच्या तरी हाती असतो. सर्व भार स्वतःच वाहण्याची सवय जडलेल्या माणसाला तेथे सोबत्यावर विसंबावे लागते आणि ‘दोर घट्ट धर’ असे मोकळेपणी सांगावे लागते. अतिश्रमाने वाकलेल्या अनेकांना नेमके हेच शब्द कार्यालयात उच्चारता येत नाहीत.

ही झाली उत्तराची एक बाजू. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे.

उंचीवर छाती धडधडते तेव्हा शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवते. कामाच्या ताणातही हीच संप्रेरके खेळत असतात. झोप पूर्ण झालेल्या, कसलेल्या शरीराला हा थोड्या वेळाचा ताण सोसतो. आठवडाभर पाच-पाच तास झोपलेल्या शरीरावर तो आधीच्या ओझ्यात भर घालतो. थरारामुळे थकवा काही काळ जाणवेनासा होतो. पण तो ओसरलेला नसतो, आणि फसगत होते ती येथेच.

डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हाता-डोळ्यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका ढळतो. आपल्या कायद्याने वाहनचालकासाठी घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला गाडी सुरू करतो, तेव्हा त्याचे १७ तास भरलेले असतात. मद्याचा थेंबही न घेतलेला हा चालक मित्रांना घेऊन घाटरस्त्याला लागतो. कड्याची धास्ती घेणारे कुटुंब या प्रवासाकडे सहसा दुर्लक्ष करते.

कड्यावरही निद्रानाशाचा घाला पडतो तो सूक्ष्म जागी. चढण्यापूर्वी प्रत्येकाने सोबत्याची गाठ, कमरपट्ट्याचे बक्कल आणि कॅराबिनरची कळ तपासायची असते. काम क्षणाचे, पण जागरूकतेचे. पेंगुळलेले डोळे पाहतात आणि तरी पाहत नाहीत. परतीच्या उतारावर घसाऱ्यावरून पाय निसटतो, त्यामागेही पुष्कळदा दमलेले गुडघे आणि घाई असते.

म्हणून ज्यांना या वाटेने जावेसे वाटते, त्यांनी काही पथ्ये पाळावीत. प्रारंभ कड्यापासून करू नये. शहरातील कृत्रिम भिंतीवर आठवड्यातून एकदा तास-दीड तास, असा दोन-तीन महिने सराव करावा. स्नायू लवकर बळावतात. बोटांच्या कंडरांना मात्र अधिक काळ लागतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चढताना छातीत दाब, घेरी किंवा अकारण घाम जाणवल्यास तेथेच थांबून सोबत्यांना सांगावे.

निघण्यापूर्वीच्या किमान दोन रात्री पुरेशी झोप घ्यावी. शुक्रवारी मध्यरात्री निघण्याऐवजी शनिवारी पहाटे निघावे किंवा पायथ्याच्या गावी मुक्काम करून रविवारी चढावे. पावसाळ्यात निसरड्या कातळाच्या वाटेस जाऊ नये. आग्या मोहोळ असलेल्या कड्याजवळ अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आहे. तेव्हा आयोजकाची नोंदणी, प्रशिक्षकांचा अनुभव आणि प्रथमोपचाराची व्यवस्था यांविषयी निःसंकोच विचारावे. उत्तर देताना जो चिडतो, त्याच्या हाती आपला दोर देऊ नये.

घरच्यांसाठीही एक सूचना आहे. ‘जाऊ नकोस’ असे म्हणण्याऐवजी ‘या आठवड्यात किती झोपलास?’ असे विचारावे. कोणत्या वाटेने जाणार, सोबत कोण, परत केव्हा, हे लिहून घ्यावे. आणि महिन्यातून एखादा रविवार तरी मुलांसह साध्या टेकडीसाठी राखावा. नाहीतर एकाचा विरंगुळा दुसऱ्याचा एकाकीपणा होऊन बसतो.

सुट्टीने आलेला तजेला कामावर परतल्यावर फार दिवस टिकत नाही. ५५ तासांचा आठवडा तसाच राहिला, तर कोणताही कडा त्याची भरपाई करू शकणार नाही. मात्र कड्यावरची शिस्त सोबत आणता येते. चढण्यापूर्वी विश्रांती घेणे, आपला आवाका ओळखणे, मदत मागणे आणि आभाळ भरून आले तर शिखर हाताशी असतानाही माघारी फिरणे, यांत कोणताही अनुभवी गिर्यारोहक कमीपणा मानत नाही. हीच रीत सोमवारच्या कामाला लावावी. रात्री अकराला आलेले काम ‘उद्या सकाळी करतो’ असे शांतपणे सांगता आले, तर कड्याने पुष्कळ शिकवले असे समजावे.