एररची दुसरी ओळ वाचा, मग फॉरमॅटचं बोला



मागच्या व्हिडिओत आपण घरच्या कॉम्प्युटरवर सुरू करता येणारे व्यवसाय बघितले. त्यानंतर चारच दिवसांत मानोरा तालुक्यातल्या एका ताईंचा फोन आला. घरीच ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, बायोडाटा आणि लग्नपत्रिका करतात. आवाजात रडवेलेपण होतं.

"सर, सकाळपासून पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल सापडत नाही म्हणते. रिपेअरवाले दादा म्हणतात, फॉरमॅट मारावा लागेल. दोन पत्रिका आजच द्यायच्या आहेत."

मी म्हटलं, "ताई, स्क्रीनवर जे लिहिलंय ते पूर्ण वाचा." त्यांनी फाइलचं नाव वाचलं. "आता त्याच्या पुढचं वाक्य वाचा." थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल केला तर अडचण सुटू शकते, असं आहे सर."

बघा, उत्तर स्क्रीनवरच होतं. सकाळपासून होतं. पण आपण लाल फुली बघितली की घाबरतो, ओके दाबतो आणि फोन उचलतो. माझं मत स्पष्ट आहे: कॉम्प्युटरवर पोट असणाऱ्या माणसाने इंजिनियर व्हायची गरज नाही, पण एररची दुसरी ओळ वाचायची सवय त्याला लागलीच पाहिजे. ही सवय नसली की पैसे जातात, दिवस जातो, आणि कधी कधी गिऱ्हाईकाचा डेटाही जातो.

ही डीएलएल आहे तरी काय?

गावात लग्नाला लागणारी मोठी भांडी प्रत्येक घर विकत घेत नाही. गावाची सामाईक भांडी असतात, ज्याच्या घरी कार्य तो नेतो. डीएलएल तशीच. अनेक प्रोग्रामना लागणारं काम एकाच फाइलमध्ये ठेवलेलं असतं आणि सगळे प्रोग्राम ती फाइल वापरतात.

आता कोणी हंडा नेला आणि परत ठेवला नाही, तर पुढच्याच्या लग्नात बोंब. ही झाली "फाइल सापडत नाही"ची एरर. कोणी मोठा हंडा नेऊन त्याच्या जागी जुना, लहान हंडा ठेवला, तरी बोंबच. ही झाली "फाइल जुनी आहे"ची एरर. १९९०च्या दशकात हा दुसरा प्रकार इतका होता, की कॉम्प्युटरवाल्यांनी त्याला "डीएलएल नरक" असंच नाव दिलं होतं. नवा प्रोग्राम टाकला की जुना बंद पडायचा. म्हणून विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने मुख्य सिस्टम फाइलींवर पहारा बसवला. तरी अडचण पूर्ण संपलेली नाही, कारण फाइल जायची कारणं बरीच आहेत. काम चालू असताना लाईन जाते आणि यूपीएस नसतो. अँटिव्हायरस एखादी फाइल उचलून बाजूला ठेवतो. एखादा प्रोग्राम काढताना सोबत सामाईक फाइलही जाते. किंवा हार्ड डिस्कच शेवटच्या घटका मोजत असते.

म्हणून फाइल शोधत सुटू नका. ती का गेली, ते शोधा.

सगळ्यात मोठी चूक

एररमधलं फाइलचं नाव गूगलवर टाकलं की वरच "फ्री डीएलएल डाउनलोड" म्हणणाऱ्या साइट दिसतात. मी स्वतः ही चूक केली आहे. नवीन होतो, घरी डीटीपीचं काम घ्यायचो. एक फाइल अशाच साइटवरून उतरवली आणि सिस्टमच्या फोल्डरमध्ये टाकली. सॉफ्टवेअर उघडलं, मी खूश. आठ दिवसांनी ब्राउझरमध्ये नको त्या जाहिराती, मग माझ्या मेलवरून लोकांना भलतेच मेल. शेवटी सगळं पुसावं लागलं आणि दोन वर्षांच्या पत्रिकांच्या डिझाइन गेल्या. बॅकअप नव्हता. दोष माझाच होता.

अनोळखी साइटवरची फाइल कोणी बनवली, त्यात काय घातलं, हे कळायला मार्ग नसतो. दुसरं म्हणजे फाइल खरी असली तरी ती तुमच्या कॉम्प्युटरला बसेलच असं नाही. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टम३२ नावाच्या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइली असतात, आणि ३२ बिटच्या फाइली सिसवॉव६४ मध्ये. नावावरून उलटंच वाटतं ना? हाताने फाइल टाकणारा नेमका इथे फसतो. एक एरर जाते, दुसरी येते.

आणि तुमच्या कॉम्प्युटरवर आहे काय, ते आठवा. लोकांचं आधार, बँक पासबुक, सातबारा, मुलांच्या टीसी. लोकांनी ते विश्वासाने दिलंय. दुकान भाड्याचं असू शकतं, विश्वास भाड्याने मिळत नाही.

मग करायचं काय? क्रम लक्षात ठेवा

१. एररचा मोबाइलवर फोटो काढा. पूर्ण, दोन्ही ओळी दिसतील असा.

२. स्वतःला विचारा: एकच प्रोग्राम बंद आहे की सगळंच अडतंय? एकच असेल तर दोष बहुतेक त्या प्रोग्रामचा. कालपर्वा काय नवीन टाकलं किंवा काढलं, ते आठवा. रीसायकल बिन बघा. विंडोज सिक्युरिटीमध्ये "प्रोटेक्शन हिस्ट्री" बघा, अँटिव्हायरसने काही अडवलंय का ते तिथे कळतं. अडवलेली फाइल क्रॅकची असेल तर ती परत आणू नका.

३. तो प्रोग्राम ज्यांनी बनवला त्यांच्याच साइटवरून घेऊन पुन्हा इन्स्टॉल करा. आधी त्यातला डेटा पेन ड्राइव्हवर घ्या.

४. फाइलच्या नावात एमएसव्हीसीपी किंवा व्हीसीरनटाइम असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून "व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल" हा संच घ्या. फुकट आहे. नावात १४० असेल तर २०१५ आणि त्यानंतरचा एकत्रित संच लागतो. ६४ बिटच्या विंडोजवर एक्स८६ आणि एक्स६४ असे दोन्ही टाका, कारण जुने प्रोग्राम बऱ्याचदा ३२ बिटचे असतात. ताईंचं काम इथेच झालं. पत्रिका त्याच संध्याकाळी गेल्या.

५. विंडोजचेच भाग बिघडले असतील, तर कमांड प्रॉम्प्ट "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" करून उघडा. आधी डिझमची दुरुस्तीची कमांड, मग एसएफसी स्कॅननाऊ. दोन्ही कमांड जशाच्या तशा व्हिडिओत दाखवल्या आहेत, बघून टाइप करा. एसएफसी बिघडलेली सिस्टम फाइल ओळखते आणि विंडोजच्या स्वतःच्या कोठारातून चांगली प्रत आणून ठेवते. डिझम ते कोठारच दुरुस्त करते, म्हणून ती आधी. वेळ लागतो, टक्के एकाच जागी थांबल्यासारखे वाटतात. मध्येच बंद करू नका.

६. दुरुस्त करूनही फाइली पुन्हा पुन्हा बिघडत असतील, तर हार्ड डिस्क तपासून घ्या आणि त्याच दिवशी बॅकअप घ्या. उद्यावर टाकू नका.

"सर, फॉरमॅट मारला की विषय संपला!"

हे मी रोज ऐकतो. खरं सांगतो, कधी कधी फॉरमॅट हाच उपाय असतो. व्हायरस खोलवर गेला असेल तर मीही तेच सांगीन. पण पहिल्याच एररला फॉरमॅट म्हणजे नळ गळतो म्हणून घर पाडणं.

हिशोब करा. विंडोज मारून दिल्याचे पैसे देऊन विषय संपत नाही. नंतर प्रिंटरचा ड्रायव्हर, बायोमेट्रिक मशीनची आरडी सर्व्हिस, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट, टॅलीचा डेटा, सगळं पुन्हा बसवावं लागतं. त्यात एक-दोन दिवस जातात. ॲडमिशनच्या किंवा पीक विम्याच्या दिवसांत दोन दिवस दुकान बंद म्हणजे गिऱ्हाईक शेजारच्या सेतूवर गेलं, आणि गेलेलं गिऱ्हाईक सहज परत येत नाही. शिवाय सोबत "फुकट" मिळालेलं क्रॅकचं विंडोज बऱ्याचदा अपडेट बंद करून दिलेलं असतं. म्हणजे पुढच्या एररचं बी तिथेच पेरलं.

अपडेटचंही सांगतो. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला. कॉम्प्युटर चालू राहतो, पण नवीन सॉफ्टवेअर हळूहळू "तुमची सिस्टम जुनी आहे" म्हणायला लागतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, बऱ्याच जुन्या मशीनमध्ये ते नसतं. त्यामुळे सेकंडहँड घेणाऱ्यांनो, घेण्याआधी हे तपासा. चार हजार वाचवायला जाल आणि वर्षात पूर्ण मशीन बदलाल.

कोणी म्हणेल, अपडेटनेही बिघडतं की. बिघडतं. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेट फाइलमुळे जगात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पण तिथे सुटका कशी झाली? कंपनीने उपाय सांगितला, मशीन सेफ मोडमध्ये चालू करून ती एक फाइल काढली. एवढ्या मोठ्या गोंधळातही कारण शोधूनच काम झालं.

आजचं काम

एक साधी वही घ्या. त्यावर लिहा "कॉम्प्युटरची वही". कोणत्या तारखेला काय टाकलं, काय काढलं, कोणती एरर आली, कशाने सुटली. सोबत दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप, आणि एक यूपीएस. सहा महिन्यांनी ही वहीच तुमचा मेकॅनिक होईल.

ताईंनी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाल्या, "सर, पुढची ओळ वाचणे."

आपला वाशिम जिल्हा नकाशावर आला १ जुलै १९९८ ला, अकोल्यातून वेगळा होऊन. पण अजूनही एक फाइल सापडली नाही की आपण सीपीयू पिशवीत घालून अकोल्याची बस धरतो. तेवढं भाडं आणि तो दिवस वाचवा. कामाला लागा.