पेरू कॅन्सल, राजापूर कन्फर्म

माझ्या लॅपटॉपच्या वॉलपेपरवर गेली दोन वर्षं पेरू आहे. खायचा नव्हे, देश. तिथे पाराकास नावाचं एक राखीव क्षेत्र आहे. एकीकडे निळाशार पॅसिफिक, त्याला चिकटून लालपिवळं वाळवंट, आणि एका टेकडीच्या उतारावर कोणीतरी दोनेक हजार वर्षांपूर्वी खोदून ठेवलेली सुमारे १८० मीटर उंचीची आकृती. आपल्या दीपमाळेची आठवण यावी अशी. ती बघायला लोक बोटीने जातात. मी मात्र दर महिन्याच्या तीस तारखेला बँक बॅलन्स बघते आणि पुन्हा वॉलपेपर बघते.

माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, आर्किटेक्ट आहे. त्याने एकदा माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाला, "एवढं काय त्यात? असलं वाळवंट आपल्या घाटाखाली हाय की. रविवारी चल. मला तसंही चिरा बघायला राजापूरला जायचंय."

त्याच्या एका क्लायंटला पन्हाळा रोडवर फार्महाउस बांधायचंय. प्लॅस्टर नको, उघड्या जांभ्या दगडाचा 'लूक' हवा. सध्या सगळ्यांनाच तो लूक हवाय.

तर फेब्रुवारीतल्या एका रविवारी, कोल्हापुरात एकाही मिसळवाल्याचा कट उकळायला लागायच्या आत, पहाटे साडेतीनला आम्ही निघालो. मलकापूर, येळवण जुगाई, मग अणुस्कुरा घाट. घाटात मी झोपले होते, त्यामुळे सौंदर्याचं वर्णन माफ. पाचल, ओणी, राजापूर. सात वाजून गेले होते तेव्हा आम्ही बारसूच्या सड्यावर गाडी लावली.

सडा म्हणजे कोकणातलं कातळाचं पठार. कोकण म्हटलं की आपल्या डोक्यात नारळ, सुपारी, हिरवंगार असं कॅलेंडर असतं ना? ते खाली, गावात. वर सड्यावर नजर पोचेल तिथपर्यंत काळपट तांबडा दगड, मधूनमधून वाळलेलं गवत आणि समुद्राकडून येणारा वारा. एक मोठं झाड नाही. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतं, पण जांभा पडला सच्छिद्र. पाणी आत मुरतं आणि पायथ्याला झऱ्यांतून बाहेर येतं. वर राहतं ते आठ महिन्यांचं वाळवंट. नॅशनल पार्कची कमान नाही, तिकीट नाही, गॉगल विकणारा पोरगा नाही.

गावातले एक काका दाखवायला आले. हातात खराटा. पहिलं वाक्य, "चपला काढा आधी."

आम्ही काढल्या. काकांनी एका सपाट जागेवरचा पालापाचोळा झाडला. मला काहीच दिसेना. दगड, आणखी दगड. मग ते म्हणाले, "इकडून बघा, उन्हाच्या तोंडावर." मी दोन पावलं सरकले, सूर्य समोर आला, आणि खाचांमध्ये सावल्या भरल्या. पायापाशी एक माणूस उभा राहिला! शब्दशः. दगडात आडवा कोरलेला, मोठाच्या मोठा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना झेपावणारे दोन वाघ. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा दोन वाघांना थोपवणारा माणूस शाळेच्या पुस्तकात बघितलाय? अभ्यासकांना ह्याला बघून तोच आठवतो. माझ्या तोंडून फक्त "आयला" बाहेर पडलं. मास कॉमची डिग्री वाया.

ही कातळशिल्पं. खाचा फार खोल नाहीत, त्यामुळे सगळा खेळ उजेडाच्या तिरपेपणाचा. सकाळी आणि संध्याकाळी दिसतात. दुपारी बाराला ऊन डोक्यावर आलं की सगळं सपाट, तुम्ही त्यावरून चालत जाल तरी कळणार नाही. गावाला ती माहीतच होती, पण रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून त्यांची पद्धतशीर नोंद केली. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गात मिळून हजाराच्या वर चित्रं माहीत आहेत. कशेळीला एक हत्ती आहे, साधारण १८ बाय १३ मीटरचा, म्हणजे माझा अख्खा टू-बीएचके त्याच्या पोटात मावेल. त्याच्या पोटात खरंच इतर प्राण्यांची गर्दी आहे. कुठे गेंडा कोरलाय, जो आज कोकणात औषधालाही नाही. देवाचे गोठणेच्या चित्रापाशी होकायंत्राची सुई भरकटते. आणि एवढ्या सगळ्यात शेतीचं एकही चित्र नाही. म्हणून ही शेतीच्या आधीच्या, शिकारीवर जगणाऱ्या माणसांची असावीत, असा पुरातत्त्ववाल्यांचा तर्क आहे. वयाचे अंदाज दोन हजारांपासून दहा-बारा हजार वर्षांपर्यंत जातात. २०२२ मध्ये बारसू, कशेळी, उक्षी धरून कोकणातल्या आणि गोव्यातल्या मिळून नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या.

त्याच वर्षी बारसूचं नाव रिफायनरीसाठीही पुढे आलं. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झालं तेव्हा ह्याच सड्यावर उन्हात बायका रस्त्यावर आडव्या झाल्या होत्या. तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. मीही कोल्हापुरात पंख्याखाली बसूनच बघितलं होतं. काकांना त्याबद्दल विचारलं तर ते समुद्राकडे बघत म्हणाले, "ते मोठं. ते सगळ्यांनी बघितलं. हे कोण बघतं?" आणि त्यांनी खराट्याच्या दांड्याने लांब बोट केल्यासारखं दाखवलं.

तिकडे चिरेखाण होती. एरवीचा सडा वेडावाकडा, आणि तिथे एकदम सुरीने कापल्यासारखी सरळ कड. खाली पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा, ताजा दगड विटेसारखा लालभडक. विटेसारखा म्हणतेय ते उगाच नाही. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन नावाच्या डॉक्टरने मलबारात हा दगड बघून त्याला 'लॅटराइट' नाव दिलं, ते लॅटिनमधल्या विटेवरूनच. आतून काढताना मऊ, सहज कापता येणारा, आणि हवा लागली की कडक. म्हणून चिऱ्याची घरं पिढ्यान् पिढ्या टिकतात. आणि म्हणूनच ही चित्रंही टिकली. चित्र असतं सड्याच्या अगदी वरच्या थराला आणि खाणवाला सगळ्यात आधी काढून फेकतो तोही तोच थर.

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, ह्या जमिनी कुणाच्या?"

"आमच्याच. सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं. चिरा विकला तर पैसे येतात. कातळ फोडून माती भरली, कलमं लावली तर आंब्याचे येतात. चित्राचे काय येतात?" ते शांतपणे विचारत होते, टोमणा नव्हता. "तुम्ही लोक येता, फोटो काढता, जाता."

माझ्या हातात तेव्हा मोबाइल होता. मी तो खिशात घातला. (आणि हो, फोटोत उठून दिसावं म्हणून खाचांतून खडूने रेघा ओढणारे महाभाग असतात. प्लीज तुम्ही त्यातले नका होऊ.) दादाने निघताना पाचशेची नोट पुढे केली. काका "कशाला, कशाला" म्हणतील असं मला वाटलेलं. त्यांनी ती घेतली, घडी केली, टोपीत ठेवली. मला बरं वाटलं. चित्राभोवती गावाने जांभ्याच्याच दगडांचा गडगा रचलाय, त्यातला एक सुटलेला धोंडा त्यांनी जागेवर बसवला आणि पुढे चालू लागले.

मग ठरल्याप्रमाणे आम्ही दादाच्या खाणीवर गेलो. ही दुसरीकडची, बारसूची नव्हे. मालक अगदी सज्जन. चहा दिला, रेट सांगितला, रंगाचे नमुने दाखवले. दादाने विचारलं, "इथं वर काही कोरलेलं होतं का हो?" मालक म्हणाले, "बघितलं नाही बुवा." खोटं बोलत नसावेत. मशीन लावायला ते येतात तेव्हा ऊन चढलेलं असतं.

परतीच्या वाटेला अणुस्कुऱ्यात आमच्या पुढे चिऱ्याचा ट्रक होता. वळणं अशी की ओव्हरटेकचा चान्सच नाही. पाऊण तास आम्ही त्याच्या मागून पहिल्या गिअरवर चढत होतो, दादा हॉर्नही वाजवत नव्हता. मलकापूरला वडापाव खाल्ला. भजीही बरी होती.

ऑर्डर दिली का, हे मी त्याला दोन दिवस विचारलं नाही. बुधवारी त्यानेच सांगितलं. क्लायंटला जांभाच हवाय, ड्रॉइंग पास झालंय, कॉलमच्या खड्ड्यात पाणी भरायला लागायच्या आत जोतं वर यायला हवं. फक्त त्याने खाणवाल्याला एक अट घातली होती. पुढचा जो तुकडा तोडणार, तो आधी झाडायचा आणि सकाळी सातच्या उन्हात त्याचे फोटो काढून पाठवायचे.

शुक्रवारी फोटो आले. दादाने मला फॉरवर्ड केले. अकरा फोटो, स्वच्छ झाडलेला सपाट कातळ, कुठे काही नाही. एका फोटोत काढणाऱ्याची सावली पडली होती, त्याच्या पावलांपाशी, इवलीशी. दुपारचे बारा वाजले असणार.